दस्तरख्वान : डेन्मार्कचे पातळ पॅनकेक, दादीच्या तव्यावर



या महिन्यात आम्ही एका पत्राला उत्तर द्यायचे ठरवले आहे. पत्र रत्नागिरी जिल्ह्यातल्या एका खालांचे आहे. त्यांचा मुलगा नोकरीनिमित्त डेन्मार्कला असतो. सून आणि दोन नातवंडेही तिथेच आहेत. थोरली नऊ वर्षांची, धाकटा सहा वर्षांचा. तिथल्या शाळांना उन्हाळी सुटी पडली की, म्हणजे आपल्याकडच्या ऐन जुलैच्या पावसात, ती सगळी तीन आठवड्यांसाठी घरी येणार आहेत.

खाला लिहितात : ‘मुलांना मराठी कळते, पण उत्तर ती त्यांच्या भाषेत देतात. फोनवर सलाम झाला, तब्येत विचारून झाली की पुढे काय बोलावे ते सुचत नाही. मागच्या खेपेला मी हौसेने घावन केले, सांदणे केली. मुलांनी एक घास घेतला आणि ताट सरकवले. सून म्हणाली, अम्मी, यांना तिकडचे पातळ पॅनकेक आवडतात. ते मला शिकवाल का? आणि त्यात बिअर घालतात असे ऐकले आहे, ते खरे का?’

पत्रात प्रश्न दोनच आहेत. पण तिसरा प्रश्न न लिहिताही वाचता येतो, आणि खरी काळजी त्याचीच आहे : वर्षा-दोन वर्षांनी तीन आठवड्यांसाठी येणाऱ्या नातवंडांशी ओळख वाढवायची कशी? परदेशी मुले असलेल्या आपल्या कितीतरी घरांत हाच प्रश्न आहे. आम्ही आधी विचारलेल्या दोन प्रश्नांची उत्तरे देतो. तिसऱ्याचेही उत्तर त्याच तव्यावर सापडेल असे आम्हाला वाटते.

हा पदार्थ आहे तरी काय?

पॅनकेक म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे हॉटेलात मिळणारे जाड, फुगलेले, एकावर एक रचलेले अमेरिकन पॅनकेक येतात. डेन्मार्कचे तसे नसतात. त्यात बेकिंग पावडर नसते, सोडा नसतो. मैदा, दूध, अंडी, लोणी, चिमूटभर मीठ आणि थोडी साखर, एवढेच साहित्य. जाडीला ते आपल्या घावनाएवढे किंवा त्याहूनही पातळ असतात. फ्रान्सच्या क्रेपचे ते जवळचे भाऊबंद म्हणता येतील. डॅनिश भाषेतला शब्द साधारण ‘पॅनेकेये’ असा ऐकू येतो. ‘पॅने’ म्हणजे तवा आणि ‘केये’ म्हणजे केक. तव्यावरचा केक, इतके सरळ नाव.

खाण्याची पद्धतही साधी. गरम पॅनकेकवर साखर भुरभुरायची किंवा स्ट्रॉबेरीचा जॅम लावायचा, सुरळी करायची आणि हातानेच खायची. जरा थाट करायचा असेल तर शेजारी व्हॅनिला आइस्क्रीमचा एक गोळा. जुन्या पद्धतीच्या घरांत पिवळ्या वाटाण्याच्या दाट सूपनंतर पॅनकेक देतात. तिखटामिठाचे सारण भरून जेवणातही खातात. एरवी डॅनिश मुलांचा रोजचा डबा म्हणजे काळसर राय ब्रेड आणि त्यावर काहीतरी. पॅनकेक हा सुटीचा, पाहुण्यांचा, वाढदिवसाचा पदार्थ. म्हणून मुलांचा जीव त्यात असतो.

आता बिअरचा प्रश्न

खालांनी ऐकले ते खरे आहे. डेन्मार्कच्या काही जुन्या घरगुती पाककृतींमध्ये दुधाचा थोडा भाग काढून त्याजागी बिअर घालतात. सगळ्या घरांत घालतात असे नाही. पुष्कळ घरांत फक्त दूधच असते. बिअर घालण्यामागचा हेतू एवढाच की तिच्यातल्या वायूच्या बुडबुड्यांनी पीठ हलके होते आणि कडा कुरकुरीत होतात. म्हणजे काम बुडबुड्यांचे आहे. ते काम साधे सोडावॉटर तितक्याच चांगल्या रीतीने करते. गंमत म्हणजे सोडावॉटरला डॅनिश भाषेतले नावच मुळी ‘डेन्मार्कचे पाणी’ अशा अर्थाचे आहे.

‘तव्यावर पडल्यावर दारू उडूनच जाते ना?’ असा प्रश्न आम्हाला अनेकदा येतो. दीड-दोन मिनिटांच्या भाजण्यात ती पूर्ण उडत नाही. तेव्हा या पळवाटेवर विसंबू नये. सोडावॉटर आहेच.

बिअर तरी नावावरून कळते. लक्ष ठेवायला हवे ते न दिसणाऱ्या गोष्टींकडे. व्हॅनिलाचा खरा अर्क अल्कोहोलमध्ये काढलेला असतो. बाजारातल्या इसेन्सच्या बाटल्यांतही काहींत अल्कोहोल असते, काहींत दुसरा द्रावक असतो. पाकिटावरचा हिरवा ठिपका पदार्थात मांस, मासे, अंडी नाहीत एवढेच सांगतो, द्रावकाबद्दल काही सांगत नाही. म्हणून बाटलीवरची बारीक अक्षरे वाचावीत. आइस्क्रीम घेताना जिलेटिन आहे का, ते पाहावे. ‘ई ४७१’ हा घटक वनस्पतीच्या तेलापासूनही बनतो आणि प्राण्यांच्या चरबीपासूनही, त्यामुळे परदेशात खरेदी करताना तो कशापासूनचा आहे, याची चौकशी करावी. जॅम बहुधा फळातल्या पेक्टिनने घट्ट होतो, तिथे अडचण कमी. आणि वर सांगितलेले ते वाटाण्याचे सूप पारंपरिक पद्धतीत डुकराच्या मांसाबरोबर शिजते, हेही तिकडे राहणाऱ्यांनी ध्यानात ठेवावे.

इसेन्सच्या द्रावकाबद्दल आलिमांची मते सारखी नाहीत. ज्यांना त्याविषयी शंका असेल त्यांनी आपल्या भरवशाच्या आलिमांना विचारावे. स्वयंपाकघरातून आम्ही एवढेच सांगू शकतो की व्हॅनिलाविना काही अडत नाही. वेलची आहे. आणि ही काही नाइलाजाची तडजोड नव्हे. डेन्मार्क, स्वीडन, नॉर्वे या थंड मुलुखांतल्या गोड पावांत आणि बनांत वेलची आवडीने घालतात. पॅनकेकमध्येही ती शोभते. नातवंडांना तो वास ओळखीचाच वाटेल, आणि दादीला तर तो आपल्याच शीरखुर्म्याचा.

डॅनिश लोक आणि आपला मुलूख यांची ओळखही जुनी आहे. मिऱ्यांच्या व्यापारासाठी आलेल्या डॅनिश लोकांनी १६२० मध्ये तंजावरच्या राजाशी करार करून तमिळ किनाऱ्यावर तरंगंबाडीला वखार आणि किल्ला उभारला. पुढे तंजावरला मराठ्यांचे राज्य आले तेव्हा हे डॅनिश लोक त्यांचे शेजारी होते. १८४५ मध्ये इंग्रजांना विकेपर्यंत ती वसाहत टिकली. किल्ला आजही समुद्राकाठी उभा आहे. मसाल्याच्या ओढीने ज्यांचे पूर्वज इतक्या लांब आले, त्यांच्या पॅनकेकमध्ये आपण वेलची घातली तर बिघडले कुठे?

साहित्य

हे प्रमाण साधारण बारा पॅनकेकचे आहे. चार माणसांना पुरतात. वाटी १५० मिलीलिटरची धरली आहे.

मैदा : २ सपाट वाट्या (१५० ग्रॅम)
दूध, सायीसकट : पावणेतीन वाट्या (सुमारे ४०० मिलीलिटर)
अंडी : ३
लोणी : २ मोठे चमचे (३० ग्रॅम), वितळवून
साखर : १ मोठा चमचा
मीठ : पाव छोटा चमचा
वेलचीपूड : अर्धा छोटा चमचा
तव्याला लावण्यासाठी थोडे लोणी किंवा तेल

पिवळे खारे लोणी वापरणार असाल तर वरचे मीठ वगळा. कडा कुरकुरीत हव्या असतील तर दुधातली अर्धी वाटी कमी करून, अगदी पॅनकेक घालायला घेण्याआधी, तेवढे साधे सोडावॉटर मिसळा. आधी घातले तर बुडबुडे निघून जातात. मैदा नको असेल तर अर्धा मैदा आणि अर्धी चाळलेली कणीक घ्या. कणीक जास्त पाणी पिते, म्हणून दूध दोन-तीन चमचे वाढवा. नुसत्या कणकेचेही होतात, पण ते चटकन तुटतात. नवशिक्या हातांसाठी मैदाच बरा.

कृती

दूध आणि अंडी तासभर आधी फ्रीजबाहेर काढून ठेवा. थंड दुधात वितळलेले लोणी पडले की त्याच्या कण्या होतात आणि मग पॅनकेकवर तेलकट ठिपके दिसतात.

खोलगट भांड्यात मैदा, साखर, मीठ आणि वेलचीपूड एकत्र करा. मध्ये खळगा करून अंडी फोडून घाला आणि दुधाचा फक्त तिसरा हिस्सा ओता. आता रवीने किंवा हातफेट्याने घोटा. पीठ दाट असतानाच गुठळ्या मोडतात. सगळे दूध एकदम ओतले तर गुठळ्या दुधात पोहत राहतात आणि हाताला लागत नाहीत. पीठ गुळगुळीत झाले की उरलेले दूध थोडे थोडे घालत सैल करा. शेवटी लोणी मिसळा. पीठ ताज्या सायीइतके पातळ हवे. चमचा बुडवून वर काढला तर त्यावर पातळ लेप राहावा. डोशाच्या पिठापेक्षा बरेच सैल आणि घावनाच्या पिठापेक्षा किंचित दाट, हा आपल्यासाठी सोपा अंदाज.

पीठ झाकून अर्धा तास ठेवा. ही अर्ध्या तासाची विश्रांती सोडू नका. तेवढ्या वेळात मैदा दूध पिऊन घेतो, घोटण्याने पिठाला आलेला ताण उतरतो आणि फेस बसतो. विश्रांती न दिलेल्या पिठाचे पॅनकेक चिवट होतात. पीठ फ्रीजमध्ये झाकून एक दिवस राहते, तेव्हा सकाळी करून ठेवून संध्याकाळीही वापरता येईल. तळाशी मैदा बसतो, म्हणून दर वेळी ढवळून घ्या.

तवा मध्यम आचेवर चांगला तापू द्या. पाण्याचा थेंब टाकला तर तो तडतडत उडाला पाहिजे. कापडाच्या बोळ्याने लोण्याचा हलका हात फिरवा. आता एका हातात तव्याची मूठ धरून तवा आचेवरून उचला, दुसऱ्या हाताने छोटा डावभर, म्हणजे चार मोठे चमचे पीठ मध्यभागी ओता आणि लगेच तवा चारी बाजूंना कलता करत फिरवा. पीठ स्वतःच पसरत कडेपर्यंत जाते. चमच्याने पसरायचे नाही. सगळा पदार्थ या दोन-तीन सेकंदांत आहे.

तवा परत आचेवर ठेवा. वरचा ओलसरपणा गेला, कडा तांबूस होऊन सुटू लागल्या की, साधारण मिनिटभराने, कालथ्याने उलटा. दुसऱ्या बाजूला अर्धे मिनिट पुरे. ती बाजू ठिपक्याठिपक्यांचीच दिसते, ते बरोबर आहे. तयार पॅनकेक ताटलीत एकावर एक ठेवून झाकत जा. वाफेने ते मऊ राहतात आणि एकमेकांना चिकटत नाहीत.

आपला तवा, त्यांचा तवा

ज्या बाईला घावन येते तिला हा पदार्थ येतोच. फरक दोन आहेत आणि ते समजून घेतले की झाले.

पहिला फरक पिठाचा. घावन तांदळाचे. तांदळात गव्हासारखा चिकटपणा नाही, म्हणून घावनाला सुंदर जाळी पडते, पण ते घडी घालताना जपावे लागते. पॅनकेकमध्ये मैदा आणि अंडी दोन्ही बांधून धरतात. त्यामुळे त्याला जाळी कमी पडते, पण त्याची सुरळी करता येते, त्यात सारण भरता येते, आणि मुलाच्या हातून आपटला तरी फाटत नाही.

दुसरा फरक हालचालीचा. घावनाला बिडाचा जड तवा. तो चुलीवर बसलेला असतो आणि हात फिरतो : कडेने पीठ ओतत आत यायचे. पॅनकेकला उलटे. हात थांबतो आणि तवा फिरतो. म्हणून बिडाचा तवा इथे चालत नाही, मनगट दुखेल. हलका, मुठीचा, बोटभर उंच काठ असलेला तवा घ्या. नॉनस्टिक चालेल, वापरून काळा झालेला लोखंडी तर फारच उत्तम. २० ते २४ सेंटीमीटरचा पुरे. अगदी सपाट डोसा तवा कलता केला तर पीठ शेगडीवर सांडते. आणि कोकणातल्या घरांसाठी खास सूचना : ज्या तव्यावर मासे तळले जातात तो घेऊ नका. कितीही घासला तरी लोण्याच्या पदार्थाला बांगड्याचा वास लागतो.

बिघडले तर

पहिला पॅनकेक बहुतेक वेळा वेडावाकडाच होतो. तवा आणि तूप-लोण्याचा मेळ त्यात बसतो. तो तोडून तिथेच खावा आणि पुढे जावे.

चिकटत असेल तर तवा पुरता तापलेला नाही, किंवा लवकर उलटायला गेलात. ओतल्याबरोबर भोके पडून पीठ तडतडत असेल तर तवा फार तापला आहे. मिनिटभर बाजूला ठेवा. पसरत नसेल तर पीठ दाट आहे, दोन चमचे दूध घाला. उलटताना फाटत असेल तर पीठ फार सैल झाले आहे, चमचाभर मैदा थोड्या पिठात घोटून त्यात मिसळा. रबरासारखे लागत असेल तर विश्रांती कमी पडली किंवा आच मंद राहून पॅनकेक फार वेळ तव्यावर राहिला.

आत काय घालावे?

साखर, जॅम, लिंबाचे चार थेंब आणि साखर, मध, केळ्याचे काप, हे मुलांचे नेहमीचे. त्यांच्याबरोबर एक वाटी ओल्या खोबऱ्याचे आणि गुळाचे सारण ठेवा. हा जोड आम्ही नव्याने लावलेला नाही. गोव्यात पोर्तुगीज काळापासून चालत आलेला ‘आलेबेले’ हा पदार्थ म्हणजे पातळ पॅनकेकमध्ये नेमके हेच सारण. मुलांना आग्रह करू नका. वाटी तिथे असू द्या. जॅमशेजारी ठेवलेल्या गुळखोबऱ्याला मुले आपणहून बोट लावतात.

जेवणासाठी करायचे तर पिठातली साखर आणि वेलची वगळा, मिऱ्याची पूड घाला. आत सुका खिमा भरा. पाव किलो खिम्याला दोन कांदे, आलेलसूण, हळद, जिरेपूड, एक टोमॅटो. पाणी पूर्ण आटवा, नाहीतर पॅनकेक भिजून फुटतो. उतरवल्यावर कोथिंबीर आणि लिंबू. आदल्या दिवशीचे उरलेले मुर्ग सोडवून, कांद्यावर परतून भरले तरी छान. ज्यांना साखर वर्ज्य आहे अशा घरच्या वडीलधाऱ्यांसाठी हा प्रकार बरा. इफ्तारला करायचे असेल तर पीठ आणि सारण दोन्ही असरच्या सुमारास तयार ठेवता येते.

कालथा मुलांच्या हाती

आता तो तिसरा प्रश्न.

खालांचा बेत आम्हाला कळतो. मुले येण्याआधी पॅनकेक शिकून घ्यायचा, हात बसवायचा आणि मुले आली की गरमागरम ताटात वाढायचा. प्रेमाची ही आपली रीत आहे. पण खाला, आमची विनंती आहे की तसे करू नका. पीठ भिजवून ठेवा आणि तवा मुलांच्या हाती द्या.

याला कारण आहे. डेन्मार्कमध्ये मुलांना लहानपणापासून स्वयंपाकात घेतात. बालवाडीत, स्काउटच्या मेळाव्यात मुले काठीच्या टोकाला कणीक गुंडाळून ती विस्तवावर भाजतात, मोठ्या तव्यावर पॅनकेकही करतात. तुमच्या नऊ वर्षांच्या नातीने हे पाहिलेले असण्याचा संभव पुष्कळ आहे, कदाचित केलेलेही असेल. तुमच्या घरात आल्यावर तिला सगळेच अनोळखी असते : पाऊस, वास, भाषा, जेवण. त्या घरात एखादी गोष्ट अशी निघाली की जी तिला येते आणि दादी ती शिकायला तयार आहे, तर तिची मान ताठ होईल. शिकवणारा माणूस गप्प बसू शकत नाही.

आणि बोलायला शब्द तव्यावरच मिळतात. पिठाला डॅनिशमध्ये ‘मेल’ म्हणतात आणि दुधाला ‘मेल्क’. आणखी एक हवा असेल तर ‘एन टिल’. तुम्ही तिचे तीन शब्द घ्या, तिला तुमचे द्या : ओत, फिरव, उलट, चिकटला, पातळ, जाड. भाषेच्या धड्यासाठी कोणी मूल दादीजवळ बसत नाही. पण तव्यावर पीठ पसरत असताना ‘फिरव, फिरव!’ हा शब्द कानात कायमचा बसतो.

कामे वयाप्रमाणे वाटा. सहा वर्षांच्या मुलाने अंडी फोडावीत, घोटावे, तयार पॅनकेकवर साखर भुरभुरावी. विस्तवाजवळ त्याला नको. नऊ वर्षांच्या मुलीने मोठे माणूस शेजारी उभे असताना पीठ ओतावे आणि कालथ्याने उलटावे. तव्याची मूठ आतल्या बाजूला वळवलेली असावी, ओढणी किंवा सैल बाह्या नकोत, पायाखाली डगमगते स्टूल नको. हवेत उडवून उलटण्याचा खेळ घरातल्या तरण्या चाच्यांनी करावा, आणि तोही शेवटच्या पॅनकेकला.

मुलांना रमताना पाहिले की मग चौथ्या-पाचव्या दिवशी तुमचा बिडाचा तवा काढा आणि तांदळाचे पीठ भिजवा. ‘आता माझे पॅनेकेये बघा’ एवढेच म्हणा. ज्या मुलाने स्वतः पातळ पीठ तव्यावर फिरवले आहे त्याला घावनाची जाळी काय असते ते कळते. मग ताट सरकवले जाण्याची शक्यता कमी. हौस वाटली तर आप्पेपात्रही दाखवा. डेन्मार्कमध्ये नाताळच्या दिवसांत गोल गोळ्यांसारखा एक गोड पदार्थ करतात. त्याचे खळग्याखळग्यांचे बिडाचे भांडे आणि आपले आप्पेपात्र शेजारी ठेवले तर सख्खी भावंडे वाटतील. मुले ते लगेच ओळखतील.

तव्याजवळ उभा राहणारा

शेवटी सगळ्याच घरांसाठी एक गोष्ट.

पॅनकेक, घावन, डोसा, चपाती, या सगळ्या एकेक करून होणाऱ्या वस्तू. त्यांचा एक जुना नियम होऊन बसला आहे : बाकीचे दस्तरख्वानवर बसून गरम खातात आणि एकजण तव्याजवळ उभी राहते. सगळ्यांचे आटोपले की ती उरलेले थंड दोन घेऊन ओट्यालाच टेकते. ती एकजण कोण, हे सांगायला नको. नातवंडे तीन आठवड्यांसाठी आली आणि दादी तीन आठवडे तव्याजवळच उभी राहिली, तर मुलांना आठवेल ती दादीची पाठ.

पॅनकेकचे पीठ एकदाच होते आणि उलटण्याचे काम कोणालाही जमते. म्हणून पाळी लावा. प्रत्येकाने चार घालायचे आणि कालथा पुढच्याच्या हाती द्यायचा. चार दादीचे, चार नातीचे, चार मुलाचे. घरात दोन तवे असतील तर दोघे एकदम. तयार झालेले झाकून ठेवायचे आणि बारा झाले की सगळ्यांनी मिळून बसायचे. झाकणाखाली ते मऊ आणि कोमट राहतात. कडा थोड्या नरम पडतील, पडू देत.

डॅनिश घरांत जेवण झाले की मुले ताटावरून उठताना एक वाक्य म्हणतात. ते साधारण ‘तक फॉर मॅद’ असे ऐकू येते. अर्थ एवढाच : जेवणाबद्दल आभार. ज्याने रांधले त्याला उद्देशून ते म्हणायचे असते आणि त्यालाही उत्तर ठरलेले असते, ‘व्हेलबेकॉम’. खालांच्या नातवंडांना ही सवय असणारच. पाळीपाळीने तवा सांभाळलेला असला तर त्या दिवशी हे वाक्य घरातल्या प्रत्येकाने प्रत्येकाला म्हणावे लागेल. मुलांच्या आब्बांनीही.

उरलेले पॅनकेक, उरले तर, झाकून फ्रीजमध्ये ठेवा. दुसऱ्या दिवशी कोरड्या तव्यावर दोन्ही बाजूंनी दहा-दहा सेकंद गरम केले की न्याहारीला चालतात. पीठ उरले असेल तर ते त्याच दिवशी संपवा. आणि मुले परत गेल्यावर तो हलका तवा माळ्यावर टाकू नका. पुढच्या फोनवर बोलणे सुचले नाही तर नातीला विचारा : यंदा पीठ सैल झाले ग, काय करू?